आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन
वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी घेताना

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे, जुनी गाडी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं न देता पत्र कुठून आलं तेवढंच छापलं आहे.

प्रश्न : बजेट चार लाखांचं. एमएच-३१ पासिंगची २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक बघून ठेवली आहे, मीटरवर ५२ हजार किलोमीटर. विकणारा म्हणतो इंजिन एकदम मख्खन आहे. मला गाडीतलं फारसं कळत नाही. काय काय पाहू आणि कोणत्या क्रमानं?
– एक शिक्षक, मानेवाडा

उत्तर : गाडी पाहायला गेलेला माणूस बोनेट उघडतो आणि तिथंच रमतो. पण इंजिनाचा खर्च मोजता येतो. क्लच गेला, गॅसकेट गेलं, तर मिस्त्री आकडा सांगतो आणि तो आकडा किमतीतून वजा करता येतो. वाकलेला सांगाडा, पाण्यात गेलेली वायरिंग आणि अडकलेलं आरसी यांना असा आकडा नसतो. म्हणून इंजिन शेवटी.

कागद घरी बसूनच पाहता येतात. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका. पहिली नोंदणी कधीची, सध्याचा मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे तिथं दिसतं. ई-चलानाच्या पोर्टलवर थकलेला दंड पाहा. बोजा दिसत असेल आणि विकणारा "कर्ज केव्हाच फिटलं" म्हणत असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागा. कर्ज फिटणं वेगळं आणि आरसीवरून बोजा उतरणं वेगळं. ही गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. ती नसेल तर आरटीओत नावबदलाचं काम अडतं.

गाडीजवळ गेल्यावर पहिलं काम चेसिस नंबरचं. तो १७ अक्षरांचा असतो आणि पत्र्यावर ठोकलेला असतो, काही गाड्यांत पुढच्या सीटखाली कार्पेटच्या झडपेआड, काहींत इंजिनामागच्या भिंतीवर. रिव्हेट मारलेली पट्टी पाहून समाधान मानू नका, पत्र्यावरचाच नंबर आरसीशी जुळवा. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं या नंबरात कधीच नसतात. दिसली तर एक तर तुम्ही वाचण्यात चुकताय, नाही तर कुणीतरी ठोकण्यात चुकलंय. आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्यानं रंगवलेला वाटला, तर पुढं काही पाहायची गरज नाही.

आता पत्रा. गाडी दिवसा, उन्हात आणि कोरडी पाहा. ओल्या गाडीवर सगळे रंग सारखेच दिसतात. लहान गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो, म्हणून कोणता पत्रा बदलला आहे याला महत्त्व. दरवाजा, फेंडर, बंपर यांवरचे ओरखडे आणि रंगकाम सोडून द्या. नागपुरात इतवारी-महालच्या गल्ल्यांतून फिरलेली गाडी कोरी असेल तरच नवल. बघायचे ते भाग वेगळे. बोनेट उघडा आणि बिजागरीचे व फेंडरचे बोल्ट पाहा. बोल्टच्या कडेचा रंग उडालेला असेल तर त्यावर पाना लागला आहे. रेडिएटर ज्याला धरून असतो ती आडवी पट्टी आणि दोन्ही बाजूंचे अॅप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) नीट न्याहाळा. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. डेंटरचं वेल्डिंग ओघळलेलं, घासून रंगवलेलं दिसतं. दरवाजाचं रबर हातानं थोडं ओढून काढा, खाली पिलरची कड दिसेल. तिथंही गोल वेल्ड हवेत, पुट्टी नको. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा पाहा. पत्र्याला सुरकुत्या असतील तर गाडीला मागून जोरात मार बसलेला आहे.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर काम सोपं होतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० ते ३०० म्हणजे वरून रंग मारला आहे, ५०० च्या पुढं म्हणजे खाली पुट्टी आहे. हे मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. ते नसेल तर काचा बघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो आणि त्यात वर्षाचा आकडा असतो. बाकी काचा १७ च्या आणि एकच २१ ची असेल, तर ती का बदलली ते विचारा. पुढचा सीट-बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शिवलेल्या चिठ्ठीवर तो बनल्याची तारीख सापडते. बेल्ट गाडीपेक्षा तीन-चार वर्षांनी तरुण निघाला तर बहुतेक वेळा एअरबॅग उघडलेली असते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागतच नसेल तर लागून राहणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट. बल्ब काढला असणार.

इंजिन थंडच हवं. सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन नाही, दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिनच खरं बोलतं. पहिल्या फेऱ्यात चालू झालं का, टॅपेटचा टकटक आवाज किती वेळ राहिला, सायलेन्सरमधून काय निघालं ते पाहा. डिसेंबरातल्या सकाळी थोडी पांढरी वाफ येणारच, ती दोन-चार मिनिटांत थांबते. न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल. इंजिन पाच मिनिटं नुसतं चालू ठेवून मग रेस दिल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सील गेलंय, रेसभर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा. पांढरट पिवळी मलई जमली असेल तर पाणी ऑइलमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं, पण स्वच्छ हवं. तपकिरी पाणी दिसलं तर मालकानं बोअरचं पाणी भरून गाडी चालवली आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आत क्षार साचलेला रेडिएटर सिग्नलवर दगा देतो. गाडी तापते म्हणून काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून टाकतात. ओळखायची खूण अशी, की हिवाळ्यात हायवेवर अर्धा तास चालवूनही काटा मध्यापर्यंत येत नाही.

मग चालवून पाहा, निदान १५ किलोमीटर. आपल्याकडचे सिमेंटचे रस्ते सस्पेन्शनची खडखड झाकतात, म्हणून थोडा उखडलेला किंवा गिट्टीचा तुकडा मुद्दाम घ्या. पुढून "खट्" आवाज आला तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. टिक-टिक-टिक आलं तर अॅक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर वाढत जाणारी, गाडी हलकेच डावी-उजवी केल्यावर बदलणारी घरघर म्हणजे व्हील बेअरिंग. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगानं जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन किंचाळलं आणि गाडीनं वेग घेतला नाही तर क्लच घसरतोय. यातलं काहीही सौदा मोडण्यासारखं नाही. चार टायर, क्लच आणि पुढचं सस्पेन्शन असं सगळं करावं लागलं तरी लहान पेट्रोल गाडीला साधारण ३० ते ४० हजारांचा खर्च येतो. तो भावातून कमी करा.

शेवटी तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे लिफ्टवर चढवा आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावा. स्कॅनरवर "एकही एरर नाही" दिसलं की लोक खूश होतात. आदल्या रात्री एरर पुसून टाकले असले तरी तसंच दिसतं. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दाखवतात आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. मिस्त्रीला "रेडिनेस" बघायला सांगा. विकणाऱ्यानं सुचवलेल्या गॅरेजात मात्र ही तपासणी करू नका.

प्रश्न : अंबाझरी भागातल्या एका सोसायटीतली २०२० ची सेडान बाजारभावापेक्षा ८० हजारांनी स्वस्त मिळते आहे. मालक म्हणतो, २०२३ च्या पुरात गाडी बाहेरगावी होती. खरं-खोटं कसं ओळखायचं?
– नरेंद्रनगर

उत्तर : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि तळघरांतल्या, अंगणांतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या कित्येक दुरुस्त होऊन आज रस्त्यावर आहेत. यात बेकायदा काही नाही. पाणी लपवलं तर मात्र फसवणूक.

मालकाच्या शब्दावर वाद घालत बसू नका, विम्याचे जुने कागद मागा. २०२२, २०२३ आणि २०२४ अशा तीन पॉलिसी शेजारी ठेवा आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, रकाना वाचा. क्लेम केला नाही तर बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढतो. पुरानंतरच्या नूतनीकरणात तो एकदम शून्यावर आला असेल तर त्या वर्षी क्लेम झाला आहे. बोनस वाचवणारं अॅड-ऑन घेतलं असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास काढायला सांगा. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठं जॉब कार्ड असेल तर त्यातल्या भागांची यादीच सगळं सांगते. सीट, कार्पेट, वायरिंग हार्नेस, कंट्रोल युनिट एकत्र बदललेले असतील तर आणखी पुरावा कशाला? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती "टोटल लॉस" धरते. अशी गाडी भंगाराच्या भावानं विकली जाते आणि कधी कधी दुरुस्त होऊन त्याच नंबरावर परत येते.

नंतर प्रत्यक्ष गाडी. चारही दरवाजे बंद करून उन्हात अर्धा तास ठेवा आणि मग उघडून वास घ्या. कुबट वास किंवा त्यावर मात करणारं भरमसाठ अत्तर, दोन्ही वाईट. पाचही सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, कारण गाडी धुणारा तिथपर्यंत पोहोचत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि सीटखालच्या स्प्रिंगा गंजल्या आहेत का? दरवाजाजवळची प्लॅस्टिकची पट्टी उपसून कार्पेटखालचा फोम दाबून बघा. मोठ्या दिव्यांच्या आत पाण्याची रेघ, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या) पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, यांतली एक खूण योगायोग असू शकते, दोन नाही.

पाणी कुठवर चढलं होतं हा खरा प्रश्न. नुसतं कार्पेट भिजलं आणि दोन दिवसांत सगळं उघडून वाळवलं, तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. सीटच्या उंचीवर गेलं असेल तर सोडा. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटांच्या मधे, कन्सोलखाली असतो आणि बॉडी कंट्रोलचा डबा डॅशबोर्डखाली. तांब्याच्या पिना एका दिवसात गंजत नाहीत. सहा-आठ महिन्यांनी काच खाली जात नाही, पुढच्या पावसाळ्यात स्टिअरिंगचा दिवा लागतो, आणि दोष कुठल्या जोडात आहे ते कुणालाच सापडत नाही. ८० हजारांची सूट वायरिंग शोधणाऱ्याच्या मजुरीत संपेल.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी माझी जुनी कार ओळखीतल्या माणसाला विकली. पैसे मिळाले, फॉर्मवर सह्याही करून दिल्या. त्यानं अजून नाव बदललेलं नाही आणि चलानचे एसएमएस मला येत आहेत. अपघात झाला तर माझ्यावर येईल का?
– महाल

उत्तर : येईल. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. मधल्या काळात गाडी तीन हातांतून गेली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये दिला आहे. चलान ही तर किरकोळ गोष्ट.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हा फॉर्म २९. घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३० भरून नाव लावून घ्यायचं. तुमची मुदत उलटून गेली, तरी आजच कळवा. विक्रीची तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि पैसे मिळाल्याचा पुरावा जोडून अर्ज द्या, पोहोच घ्या. एक प्रत विमा कंपनीला. घेणाऱ्याला लेखी नोटीस द्या की ठरावीक तारखेपर्यंत नाव बदललं नाही तर पोलिसांत आणि आरटीओत तक्रार करीन. ओळखीतला आहे म्हणून संकोच वाटेल, पण उद्या दावा लागला तर तो ओळख देणार नाही.

इतरांसाठी दोन गोष्टी. तारीख आणि घेणाऱ्याचं नाव न टाकता कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून एजंटाच्या हाती देण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती कोऱ्या चेकइतकीच शहाणपणाची. आणि गाडी देताना डिलिव्हरी नोट करा. तीत तारखेबरोबर वेळही लिहा, "सायंकाळी ५.४० वाजता, मीटर ६१,२०४" अशी, म्हणजे ५.४१ नंतरचं चलान कुणाचं यावर भांडण होत नाही. डीलरला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं फॉर्म २९बी मधलं अधिकारपत्र आहे का पाहा. असेल तर दोघांनी मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार त्यानंतर गाडी पुढं विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरची. फास्टॅग मात्र स्वतः बंद करा, नाही तर टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

प्रश्न : छिंदवाड्याची एमपी-२८ गाडी एक लाखानं स्वस्त मिळते. दिल्लीच्या गाड्या तर आणखी स्वस्त दिसतात. घ्याव्यात का?
– कामठी

उत्तर : आधी हिशेब करा. परराज्यातली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, गाडीची तपासणी, चेसिस नंबरची पेन्सिल छाप आणि महाराष्ट्राचा रस्ता कर. हा कर गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय पाहून लागतो, आणि तो एकरकमी भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. तो परतावा कोणाचा, हे सौद्याच्या कागदावर आधीच लिहून घ्या. करारात नसलेला पैसा विकणारा कशाला सोडेल? आरटीओत कराचा आकडा काढून मगच भाव बोला. बऱ्याचदा ते एक लाख तिथंच जातात.

एनओसीवर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे ते वाचा. नागपुरात शहर, पूर्व आणि ग्रामीण अशी तीन कार्यालयं आहेत, नंबर अनुक्रमे ३१, ४९ आणि ४०. तुमचा पत्ता ज्याच्या हद्दीत, त्याच्याच नावानं पत्र हवं. दिल्लीची डिझेल गाडी १० वर्षांची आणि पेट्रोल १५ वर्षांची झाली की तिथं चालवण्यावर बंदी घालणाऱ्या आदेशांमुळे ती स्वस्तात निघत आली आहे; २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते शिथिल केले. स्वस्त आहे ती या कारणानं, इंजिनाच्या नाही, हे खरं. पण ती इथं नोंदवता येईल का, हे एनओसी हाती पडण्याआधी कुणी सांगू लागलं तर त्याला टोकनही देऊ नका.

प्रश्न : २०१८ ची गाडी, मीटरवर फक्त ३२ हजार. मीटर मागे केलं असेल का?
– धरमपेठ

उत्तर : ३२ हजार अशक्य नाही. शहरात घर ते ऑफिस चालणाऱ्या गाड्या असतात. टायर पाहा. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. कंपनीचे टायर साधारण ४० ते ५० हजार चालतात. गाडी ३२ हजार आणि चारही टायर २०२१-२२ चे असतील तर मधले किलोमीटर कुठं गेले ते विचारा. ब्रेक-क्लच पेडलची रबरं गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड दबलेली, हे ३२ हजारांत होत नाही. डिजिटल मीटर लॅपटॉपवर बदलता येतं, पण सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतला जुना आकडा बदलता येत नाही. तेव्हा नोंदी मागा. पूर्वी टॅक्सी असलेली गाडी खासगी करून विकली जाते तेव्हाही मीटरवर विश्वास ठेवू नका. रोज लांब पल्ल्याला धावलेल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या असतात त्या.

प्रश्न : विकणारा सांगतो, "विमा मार्चपर्यंत आहे, ५० टक्के बोनससकट, तुम्हाला काही करायचं नाही." बरोबर का?
– काटोल

उत्तर : अर्धं बरोबर. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज द्या. तो न देता ठोकली तर क्लेम फेटाळला जातो. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विकणाऱ्याबरोबर त्याच्या पुढच्या गाडीवर जातो आणि उरलेल्या महिन्यांचा फरक कंपनी तुमच्याकडून घेते. विमा संपून ९० दिवस उलटले तर तो बोनस विकणाऱ्यालाही मिळत नाही.

पैशांविषयी : दोन लाख किंवा जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण पावती नसल्याचा त्रास तुम्हाला. बँकेतूनच द्या.

प्रश्न : बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असलेली गाडी घ्यावी का?
– वाडी

उत्तर : आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" असं नोंदलेलं नसेल तर नको. विम्यातही किटचा उल्लेख हवा. नंतर सिलिंडरची पाटी बघा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं सिलिंडरची चाचणी) करावी लागते आणि तिची तारीख पाटीवर असते. गाडी आधी पेट्रोलवर थंड चालू करून दहा मिनिटं चालवा. किटवाल्या गाड्यांचे मालक पेट्रोल विसरतात आणि इंजेक्टर चोंदतात. किटची गाडी निव्वळ सीएनजीवर बरीच चालली असेल तर व्हॉल्व्ह सीट झिजलेल्या असू शकतात. मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) मोजून घ्या, इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत.

प्रश्न : रोजचा प्रवास सीताबर्डीपर्यंत, आठ किलोमीटर. २०२१ ची डिझेल एसयूव्ही स्वस्तात मिळते आहे. की ऑटोमॅटिक पेट्रोल घेऊ?
– त्रिमूर्तीनगर

उत्तर : आठ किलोमीटरसाठी बीएस-६ डिझेल घेऊ नका. एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी हायवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं चालणं लागतं. सिग्नल-सिग्नलवर ते होत नाही. फिल्टर भरतो, दिवा लागतो, आणि नवा फिल्टर लहान गाडीच्या इंजिनकामाइतका महाग पडतो. पहिल्या मालकानं गाडी कुठं चालवली हे म्हणूनच महत्त्वाचं.

ऑटोमॅटिक घेताना ती एएमटी आहे की सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी) की डीसीटी (दोन क्लचची), हे आधी विचारा. एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स, क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं, इतकंच. वर्धा रोडवरच्या दुमजली उड्डाणपुलाच्या चढावर मधेच थांबवून पुन्हा काढा. गाडी थरथरली किंवा जळका वास आला तर क्लच संपत आला. बाकी नागपूर सपाट असल्यानं सपाटीवरच्या ट्रायलमध्ये एएमटीचा दोष दिसतच नाही.

प्रश्न : गाडी घेतली की पहिलीच फेरी समृद्धीवरून शिर्डीला. टायरवर नक्षी भरपूर आहे, मग चिंता कशाची?
– बेसा

उत्तर : नक्षीची नाही, वयाची. टायर सहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही खोल असो, रबर कडक झालेलं असतं. उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर पाच वर्षंच धरा. नखानं खोलवर दाबून पाहा आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा आहेत का ते उजेडात पाहा. बाजूला फुगवटा दिसला तर त्या टायरवर गल्लीतही जाऊ नका, आत दोरे तुटलेले असतात. नक्षीच्या खोबणीतली उंचवट्याची खूण १.६ मिलिमीटरची असते, नक्षी तिच्यापर्यंत आली की टायर संपला. एकाच अॅक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर नकोत. बाजूला आकड्यांनंतर येणारं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं : एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे अक्षराची अडचण येत नाही. अडचण येते ती कमी हवेची. हवा कमी असली की टायरची भिंत सतत मोडत राहते, मे महिन्यात तापलेल्या सिमेंटवर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि टायर फुटतो.

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर हवेचा आकडा छापलेला असतो. समृद्धी सुरू होते त्या शिवमडक्याला पोहोचल्यावर नव्हे, घरून निघण्याआधी टायर थंड असताना तेवढीच हवा भरा, पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच पाटीवरचा जास्तीचा आकडा. गरम टायरची हवा "वाढली" म्हणून काढू नका. रबरी व्हॉल्व्ह वाकवून बघा, चिरा असतील तर चारही बदला, खर्च किरकोळ आहे. स्टेपनी काढून तिचीही हवा आणि तारीख पाहा. जुन्या गाडीत ती बहुधा गाडीइतकीच जुनी असते. ती इतर चाकांपेक्षा अरुंद असेल आणि तिच्यावर ८० लिहिलेलं असेल, तर पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या आत, डाव्या लेननं, जवळच्या इंटरचेंजवर उतरायचं.